मामांच्या वाडीतली नातवंडं

आमच्या मामांइतका पुढच्या काळात राहणारा माणूस वसई तालुक्यात तर सोडाच, अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा सापडला नसता. निर्मळच्या वाडीतल्या घरात ते जेवायला आणि झोपायला तेवढे यायचे. उरलेला दिवस त्यांचा अजून न आलेल्या पन्नास वर्षांत जायचा. तिकडचं हवापाणी, तिकडच्या लोकांची भांडणं, तिकडच्या बायका ओट्यावर बसून कुठली भाजी निवडतात, हे सगळं आत्ताच बघून आल्यासारखा त्यांचा चेहरा असे. ते माझ्या आईचे चुलतभाऊ. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे ते कुणाचेच बाबा नव्हते, आणि म्हणूनच बहुधा आळीतल्या लहानथोर सगळ्यांचे मामा होते. माझे वडीलही त्यांच्या पाठीमागे त्यांना मामाच म्हणत, समोर मात्र मेव्हणे. मला लिहिण्याची फारशी सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि तिथेही मागच्या बाकावर बसून इतरांचं ऐकण्यातच माझी बरीचशी वर्षं गेली. त्यामुळे मामांसारखा माणूस मला कागदावर नीट उतरवता येईल का, याची शंका आहे. पण दुसरं कुणी लिहील असंही दिसत नाही.

मामांनी वाडीत एखादी बी पेरली, की त्या दिवसापासून ते त्या जागेला वळसा घालून चालत. आंब्याची कोय पुरली तर वळसा मोठा, शेवग्याला लहान. आम्ही सरळ रेषेत निघालो तर मागून हाक यायची, "अगं, फांदी लागेल डोळ्याला." एकदा वडील फुलांची करंडी डोक्यावर घेऊन त्यांच्या वाडीतून घाईघाईने चालले होते, तर मामांनी त्यांना एका न उगवलेल्या फणसाच्या बाजूने फिरून जायला लावलं. वडील म्हणाले, "मेव्हणे, झाड अजून जमिनीच्या वर आलेलं नाही." मामा शांतपणे म्हणाले, "म्हणूनच आत्तापासून सवय करायची, भावोजी." वडील करंडी सांभाळत फिरून गेले. मामांशी वाद घालण्यापेक्षा फिरून जाणं नेहमीच जवळचं पडायचं.

त्यांच्या सायकलला घंटी नव्हती. घंटी होती, पण ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे, का ते पुढे सांगते. आमच्या अरुंद गल्ल्यांत समोरून स्कूटर आली की मामा स्वतःच तोंडाने "ट्रिंग ट्रिंग" म्हणत. नव्या माणसाला ते वेड्यासारखं वाटे. आळीतल्या कुत्र्यांना मात्र तो आवाज इतका पाठ झाला होता, की खरी घंटी वाजवली तर ती जागची हलत नसत.

मामा आधी मुंबईत नकाशे काढायच्या एका कचेरीत आरेखक होते. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी कुठे रस्ता होणार, कुठे गटार, कुठे बाग, हे दुसऱ्या कुणीतरी ठरवायचं आणि मामांनी बारीक पेनाने आखायचं. एक दिवस आखता आखता त्यांना वाटलं, या रस्त्यावरून जी माणसं चालणार आहेत त्यांना कुणी विचारलंच नाही. त्यांनी साहेबांना तसं सांगितलं. साहेब म्हणाले, अहो, ती माणसं अजून जन्मली नाहीत. मामांच्या मते हे काही उत्तर झालं नाही. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन ते निर्मळला आले, आणि न जन्मलेल्या माणसांना विचारायची त्यांनी स्वतःच एक रीत काढली.

रीत अशी होती. मामांकडे एक गोणी असे. भंगारवाल्याकडून वेचून आणलेल्या वस्तू तिच्यात भरलेल्या: तुटका नळ, एका काचेचा चष्मा, कंपासपेटी, दाराच्या कड्या, बाहुलीचा पाय, स्टोव्हची पिन, कुणाच्या तरी हार्मोनियमच्या दोन पट्ट्या. लोक जमले की मामा गोणी फिरवत. प्रत्येकाने न बघता हात घालायचा आणि जे हाताला येईल ते काढायचं. मग ती वस्तू हातात धरून बोलायचं, पण स्वतः म्हणून नाही. स्वतःचा नातू किंवा नात म्हणून. "मी अमक्याची नात. ही वस्तू आमच्या घरात असते. आमच्याकडे दिवस असा जातो." नातवंड बोलत असताना बाकीच्यांनी त्याला अरेतुरेच करायचं, माणूस कितीही मोठा असो. आणि सगळ्यात कडक नियम हा, की नातवंडाला मध्येच टोकायचं नाही, हे खोटं, हे शक्य नाही, असं म्हणायचं नाही. कुणी म्हटलंच, तर मामा खिशातली सायकलची घंटी काढून वाजवत. नातवंडाचं बोलून झाल्यावर मामा त्याला एकच प्रश्न विचारत, आणि गोणी पुढे जाई.

हे सगळं ते फक्त सभा भरवून करत असते तर गावाने सहन केलं असतं. पण मामा रेशनच्या रांगेत गोणी काढत. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणाऱ्यांपुढे काढत. दोन हजार साल जवळ आलं होतं आणि त्या साली सगळे संगणक बंद पडणार असं लोक बोलत होते. आमच्या रेशन दुकानदाराला त्याची फार काळजी. दुकानात संगणक काय, धड चालणारा वजनकाटाही नव्हता. मामांनी त्याला गोणीत हात घालायला लावला. त्याच्या हाती बाहुलीचा पाय आला. बराच वेळ पायाकडे बघून तो म्हणाला, "मी दुकानदाराचा नातू. आमच्याकडे आता रांग नसते." रांगेतली माणसं इतकी हसली, की एरवी शेवटी सांगायचा ते रॉकेल संपल्याचं त्याने त्या दिवशी आधीच सांगून टाकलं.

माझ्या मावसबहिणीला बघायला मुलाकडचे आले, तेव्हा तर घरच्यांनी मामांना मुद्दाम भुईगावला काहीतरी कामाला पाठवलं होतं. ते काम लवकर उरकून, गोणी घेऊन, पोह्यांच्या वेळेला हजर. मुलगा बिचारा घामाघूम, मुलगी मान खाली घालून. मुलाच्या हाती कंपासपेटी आली. तो म्हणाला, "मी यांचा नातू. ही आजीची पेटी. आजी फार मारकुटी होती, आजोबांना गणितं घालायची." त्याची आई "असं काय बोलतोस" म्हणाली आणि तिच्यावर घंटी वाजली. माझी बहीण हसली, ती थांबेना. लग्न त्या हसण्यावरच ठरलं, पत्रिका नंतर बघितल्या.

माझी पाळी आली तेव्हा मी नुकतीच कॉलेजात जायला लागले होते. तिथे सगळे भराभर बोलत, निम्मं हिंदी, निम्मं इंग्रजी, आणि मी तोंड उघडलं की मला माझाच आवाज गावठी वाटे. वाडीत मामांनी गोणी पुढे केली, मी हात घातला, एका काचेचा चष्मा आला. मी म्हणाले, "मी तिची नात. हा माझ्या आजीचा चष्मा. आजी कॉलेजात गेली होती, पण फार घाबरट होती म्हणे." सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "होती कसली, आहेच." मामांनी घंटी वाजवली, खूप वेळ वाजवली. मग त्यांचा एक प्रश्न आला. "बाळा, तुझी आजी कधीपर्यंत घाबरत होती?" मी काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं, "दुसऱ्या वर्षापर्यंत." मामांनी मान डोलावली, एखादी तारीख पक्की ठरावी तशी. दुसऱ्या वर्षी मी वर्गात पहिल्यांदा उभी राहून प्रश्न विचारला. याचं कारण मला आजही सांगता येत नाही. मामांना दिलेला शब्द मोडायचा नाही, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

आळीच्या तोंडाशी पहिली इमारत उभी राहिली, तेव्हा गावात आणि इमारतीत काही दिवस बोलणंच नव्हतं. ते टँकरचं पाणी घेतात म्हणून आमच्या विहिरी आटतात, असं आमचं म्हणणं. आम्ही त्यांच्याकडे चोरासारखं बघतो, असं त्यांचं. दोन्हीही खरं होतं. मामांनी सगळ्यांना एका रविवारी वाडीत बोलावलं. चर्चमधली मिस्सा आटोपून पास्कोलकाका आले, ते मामांचे बालपणापासूनचे दोस्त आणि पहिले टीकाकार. इमारतीतून चार-पाच बिऱ्हाडं आली. अर्नाळ्याहून रोज मासळी घेऊन येणारी यमुनामावशी टोपली बाजूला ठेवून बसली. मुंबईला नोकरीला जाणाऱ्या एका साताऱ्याच्या गृहस्थांच्या हाती तुटका नळ आला. ते आधी संकोचले, मग म्हणाले, "मी त्यांचा नातू. मी इथलाच. आजोबा सारखे 'आमच्या गावाला, आमच्या गावाला' म्हणायचे. आम्हाला वाटायचं निर्मळच. ते गेल्यावर कळलं, ते दुसऱ्याच कुठल्यातरी गावाबद्दल बोलत होते." कुणी हसलं नाही. मामांनीही त्यांना प्रश्न विचारला नाही. मग यमुनामावशीने स्टोव्हची पिन काढली, बाजूला ठेवून दिली आणि बोलायला लागली. "माजी आजी डोक्यावर टोपली घेऊन फिरायची. मी नाय फिरत. मी बसते, लोकं माज्याकडं येतात. खुर्चीला पाठ हाय. आले त्यांना मी पानी पन विचारते."

पास्कोलकाका म्हणाले, "बाई, तू आणि बसणार?" घंटी वाजली.

त्यानंतर पाण्याचं भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही, पण इमारतीतल्या बायका मावशीला जिन्याखाली खुर्ची द्यायला लागल्या. खुर्चीला पाठ होती.

या सगळ्यात एक माणूस गोणीपाशी कधी यायचा नाही, तो म्हणजे मामांचा पुतण्या, आमचा रमेशदादा. मामांचे मोठे भाऊ लवकर गेले, तेव्हापासून वाडी मामांच्या आणि रमेशदादाच्या नावावर होती. दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी त्याच घरात राहायची. मामा लोकांना पुढच्या काळात घेऊन जात, तेव्हा इथलं काम दादा बघे. पहाटे उठून पंप लावायचा, केळीला आणि मोगऱ्याला पाट फिरवायचे, मग वसई पूर्वेला एका गाळ्यात दिवसभर मशिनवर उभं राहायचं. वाडीत आमच्याकडे बावखल असतं, म्हणजे शिंपणासाठीचं छोटं तळं. मामांच्या वाडीतलं बावखल आणि विहीर दोन्ही दोन-तीन उन्हाळ्यांपासून मचूळ व्हायला लागली होती. केळीची पानं कडेने करपत. घड धरायचे, पण भरायचे नाहीत. आणि एक बिल्डर घरी दोनदा चहा पिऊन गेला होता. मामांच्या सहीशिवाय वाडी विकली जाणार नव्हती, आणि मामा सही करणार नाहीत हे आळीतल्या शेळ्यांनाही माहीत होतं. दादाने तोंडाने कधी काही मागितलं नाही. नुसता गप्प होत गेला.

मामांनाही ते दिसत असणार. त्यांनी त्यांच्या पद्धतीने उपाय काढला. एका रविवारी त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि या खेपेला विषय ठरवून दिला: तुमच्या नातवंडांच्या काळातली ही वाडी. आदल्या दिवशी ते आईला म्हणाले होते, की रमेश ऐकेल, सगळ्यांच्या तोंडून ऐकेल, मग त्याच्या मनातून ते विकायचं जाईल. आई म्हणाली, तुम्ही सरळ त्याच्याशी बोलत का नाही. मामांना तो मार्ग फारच आडवळणाचा वाटला.

त्या दिवशी वाडीत काय काय उगवलं, विचारू नका. पास्कोलकाकांच्या नातवाने बावखलात होडी चालवली. कुणाच्या नातीने केळीच्या बनात शाळा काढली, फळा खोडाला बांधलेला. साताऱ्याच्या गृहस्थांच्या नातवाला इथे झाडांची नावं पाठ झाली होती. मामांचा चेहरा उजळत चालला होता. गोणी फिरत फिरत दाराजवळ उभ्या असलेल्या रमेशदादापाशी गेली. सगळ्यांना वाटलं तो नेहमीसारखा बाजूला होईल. त्याने हात घातला आणि दाराची एक कडी काढली.

"मी रमेशचा नातू," तो म्हणाला. "ही आमच्या दाराची कडी. घर तिसऱ्या माळ्यावर आहे. नळाला गोडं पाणी येतं."

कुणीतरी खाकरलं. दादा कडीकडेच बघत होता.

"माझे आजोबा रोज पहाटे उठून या वाडीला मचूळ पाणी पाजायचे. केळ करपते ते दिसायचं त्यांना, तरी पाजायचे. मग कामाला जायचे. त्यांना वाडी विकायची होती. त्यांच्या काकांनी सगळ्या गावाला विचारलं, तुझा नातू काय म्हणतो. आजोबांना कधी विचारलं नाही, तू काय म्हणतोस."

पास्कोलकाका उठून उभे राहिले. "अरे रमेश, काकांना असं कुणी..." आणि घंटी वाजली. आम्ही सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. खिशातून घंटी काढताना त्यांचा हात सदऱ्यात अडकला होता, तरी त्यांनी ती काढली होती आणि वाजवली होती. पास्कोलकाका खाली बसले.

आता मामांचा एक प्रश्न बाकी होता.

"बाळा," मामा म्हणाले, "वाडी गेल्यावर तुझे आजोबा कसे होते?"

दादाने वहिनीकडे पाहिलं, मग पुन्हा कडीकडे. "झोपायचे," तो म्हणाला. "सकाळी उशिरापर्यंत झोपायचे."

"झोपू दे," मामा म्हणाले, आणि त्यांनी गोणी पुढच्याकडे सरकवली. पुढे वहिनीच बसली होती. तिने गोणीत हात घातला आणि तो बाहेरच काढला नाही. त्या दिवशीचा खेळ तिथे थांबला.

मामा सही करायला तयार झाले, तेव्हा आईने त्यांना खूप समजावलं. वाडी तुमची आहे, रमेश रागात बोलला, आणि शेवटी तो खेळ होता, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी शेजारीच गजरे करत बसले होते. मामा म्हणाले, "खेळ होता ना? मग इतकी वर्षं मी लोकांना खोटंच बोलायला लावत होतो का?" सही करायला जाताना दादाने त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून वसईला नेलं. साक्षीदार म्हणून दुसऱ्या गाडीवर गेलेले पास्कोलकाका सांगतात, वाटेत प्रत्येक वळणावर मामा मागून "ट्रिंग ट्रिंग" करत होते.

झाडं तोडायच्या आधीच्या दिवसांत मामा केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्यापाशी फुटलेले कोंब, काढून घरोघर वाटत फिरले. दारात उभे राहून विचारत, कुठे लावणार? जागा दाखवल्याशिवाय देत नसत. इमारतीतल्या लोकांनी कुंड्या दाखवल्या, त्यांना कुंड्यांसाठी दिले. केळ कुंडीत येत नाही हे मामांना माहीत होतं, पण त्यांनी तसं कुणाला सांगितलं नाही. न उगवलेल्या झाडांच्या जागांना ते शेवटपर्यंत वळसा घालत होते, मजुरांनाही घालायला लावत होते. मजूर हसून घालत होते. मग बुलडोझर आला, तो सरळ गेला.

आता तिथे चार मजली इमारत आहे. दादा तिसऱ्या माळ्यावर, मामा तळमजल्यावर, त्यांनी तो हट्टाने मागून घेतला. दादाला रविवारी उठवायला कुणी जात नाही. लोक मिस्साला जातात, परत येतात, मटण शिजतं, तेव्हा तो केस विस्कटलेला गॅलरीत येतो, आणि मामा खालून वर बघून म्हणतात, उठला गं बाई एकदाचा. त्यांच्या आवाजात जराही टोचणी नसते, मी नीट लक्ष देऊन ऐकलं आहे. एक पावसाळा मामांनी गोणी उघडली नाही. नंतर जिन्यात पोरं जमायला लागली, कुणी कोकणातली, कुणी सोलापूरची, कुणी उत्तरेकडची, आणि एक दिवस घंटी ऐकू आली.

मागच्या महिन्यात मी त्यांना पेढे द्यायला गेले होते, बी.ए.चा निकाल लागला म्हणून. संध्याकाळ होती. मामा इमारतीच्या पायरीवर बसले होते. त्यांनी पेढा खाल्ला, मला बस म्हणाले. मला बरेच दिवस विचारायचं होतं, ते मी घाबरत घाबरत विचारलं. "मामा, वाडीची आठवण येते का हो?"

त्यांनी पेढ्याची बोटं सदऱ्याला पुसली. मग म्हणाले, "मी किती जणांना विचारलं गं. सगळ्यांनी सगळं सांगितलं. पाण्याचं सांगितलं, रस्त्यांचं सांगितलं, शाळा काढल्या, होड्या चालवल्या. रमेशने तर घराची कडीसुद्धा सांगितली. पण या वेळेला मोगऱ्याचा वास यायचा थांबेल, हे एकाच्याही नातवाला सुचलं नाही. मलाही नाही सुचलं."

बी.ए. झाले तरी अशा वेळी काय बोलतात ते कुणी शिकवलं नाही. मी नुसती त्यांच्याशेजारी बसून राहिले. दिवे लागले. वर कुठेतरी कढईत काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि मामांनी नाक वर करून, डोळे मिटून, सावकाश श्वास घेतला.

"बोंबील," ते म्हणाले. "दुसरा मजला. पीठ जरा जास्त झालंय."